आपल्या वाट्याचं खेळून गेले

दादा, तू गेल्यापासून मला माझ्याच छातीची भीती वाटते.

खोटं कशाला बोलू? पहिले दोन दिवस तुझ्यासाठी रडले. तिसऱ्या दिवशी रडता रडता मध्येच थांबले आणि मनगट धरून नाडी बघायला लागले. तुझा फोटो हार घालून भिंतीला टेकवलेला, वहिनी कोपऱ्यात बसलेल्या, आणि मी आपली पदराआड माझं मनगट चाचपतेय. सायलीनं ते बघितलं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, अंगठा नको ठेवू. दोन बोटं ठेव. अंगठ्यात त्याचीच नाडी लागते." तुझी पोरगी, दादा. बाप जाऊन तीन दिवस झालेले आणि ती मला जिवंत असल्याची खात्री कशी करायची ते शिकवत होती.

मोरिवलीच्या घरी माणसांची रीघ लागली होती. बाबांच्या कंपनीतले जुने लोक आले, तुझ्या वर्कशॉपकडचे, कॅम्प दोनचे मित्र आले. शेजारच्या काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आधी बाप नेला, आता ह्यो नेला. बास झालं. आता नाय काय व्हायचं तुमच्या घरात." त्या माउलीच्या गळ्यात पडावंसं वाटलं मला. दुसऱ्याच क्षणी तू आठवलास. जुगारी माणूस "अब तो निकलेगाच" म्हणाला की तू नाकातून जे फुस्सकन हसायचास, ते हसणं अगदी कानाशी आलं. मग मात्र मी जी घाबरले ती घाबरलेच.

तुला आठवतं, पहिल्यांदा मी तुझ्या वर्कशॉपवर आले ते? माझ्या शिलाई मशीनची मोटर जळली होती. ती पिशवीत घालून बदलापूरहून आले आणि कॅम्प दोनच्या त्या गल्लीत चेन-बटणांची दुकानं, इस्त्रीवाले, गोणपाटं ओलांडत तुझं दार शोधलं. आत पाऊल टाकलं तर भिंतीला लावून तीन स्लॉट मशीनं, पैसे टाकून चाकं फिरवायची ती, उभी, लाल-हिरवी, जत्रेतल्या पाळण्यासारखी झगमगणारी. गोव्याच्या बोटींवरच्या कॅसिनोतून दुरुस्तीला आलेली. मी म्हटलं, "अगोबाई, बाबा म्हणतात तेच खरं, जुगाराचा अड्डा आहे हा." तू म्हणालास, "जुगार तिकडं, मने. इथं फक्त पाने आणि स्क्रू. बस, चहा घे."

बाबा त्या दारात कधीच आले नाहीत. आयुष्यभर केमिकल कंपनीत घाम गाळलेला माणूस, त्यांना तुझी ती मशीनं म्हणजे हरामाचं लोखंड वाटायचं. वहिनी लग्नाकार्यात "हे कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढंच सांगून पुढे सरकायच्या. मला मात्र तुझा धंदा आवडायचा. त्या दिवशी तू मोटरला नवी वायर गुंडाळता गुंडाळता मला तीन मशीनांची तीन अंतःकरणं समजावून सांगितलीस. दिसायला सगळी एकसारखी, दादा, तीच चाकं, तीच चेरी, तेच सात. आतून एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

पहिलं तू म्हणालास ते भरणारं. त्याला आठवण असते. किती आलं, किती दिलं, याचा हिशोब ते आतल्या आत धरून ठेवतं. फार दिवस दिलं नसेल तर सैल होतं, मोठं देऊन बसलं की मूठ आवळतं. "म्हणजे आपली वहिनी," मी म्हटलं, आणि तू इतका हसलास की हातातली वायर सुटली.

दुसरं चिपवालं. त्याला आठवण नाही, दयामाया नाही, काही नाही. आत चिप असते, ती अखंड आकडे फेकत राहते, कोणी खेळत असो वा नसो. तुम्ही बटण दाबलं त्या क्षणाला जो आकडा असेल तो तुमचा. मागच्या वेळी काय आलं होतं हे त्याच्या गावी नसतं. आता मोठं निघालं असेल तर लगेच पुढच्या दाबाला पुन्हा निघू शकतं, आणि वर्षभर निघालं नसेल तरी उद्या निघेलच असं नाही. तेव्हाच तू मला ती गोष्ट सांगितलीस, जी अजून माझ्या अंगावर काटा आणते. "चाकं नंतर फिरतात, मने. बटण दाबलं तेव्हाच सगळं ठरलेलं असतं. चाकं म्हणजे नुसता देखावा. लोक फिरत्या चाकांकडे बघून देवाचं नाव घेतात, तेव्हा देवालाही काही करता येण्यासारखं नसतं."

तिसरं एका डब्याला जोडलेलं. दहा-वीस मशीनं, पण डबा एकच. डब्यात चिठ्ठ्या आधीच भरून ठेवलेल्या, त्यांत मोठ्या चिठ्ठ्या मोजक्याच. एका मशीनवर मोठी चिठ्ठी निघाली की ती डब्यातून गेली, बाकीच्यांच्या वाट्याला नाही. "आपल्या बायकांच्या भिशीसारखं?" मी विचारलं. "अगदी तसंच," तू म्हणालास. "एकदा नाव निघालं की पुढच्या महिन्याच्या डब्यात ते नाव नसतं."

गोपशेठ तेवढ्यात आत आले होते. तुझे मालक, पांढरा सदरा, बोटात तीन अंगठ्या. त्यांनी मधल्या चिपवाल्या मशीनवर थाप मारली आणि म्हणाले, "क्या सिखाता है बहन को? अरे साईं, मशीन का भी मूड होता है. ये वाली भर गई है, देख लेना, बोट पे चढ़ते ही देगी." तू मान खाली घालून फुस्सकन हसलास. शेठ गेल्यावर म्हणालास, "बघ. वीस वर्षं धंद्यात आहेत. चिपवाल्याला भरणारं समजतात. सगळा कॅसिनो या एका चुकीवर चालतो." मी मोटर घेऊन घरी आले आणि कितीतरी दिवस ब्लाउज शिवताना मनातल्या मनात हसत होते.

तू मला किती दिलंस, दादा. सासरहून मी पिशवी घेऊन परत आले तेव्हा आख्ख्या मोरिवलीनं विचारलं, काय झालं, का आलीस. तू विचारलं नाहीस. बदलापूरला हेंद्रेपाड्यात खोली बघितलीस, शिलाई मशीन स्कूटरवर बांधून आणलंस आणि घाऊक भावानं अस्तराचं कापड टाकून गेलास. "आता शिव," एवढंच बोललास. मला पोरबाळ नाही, पण सायली पहिलीत गेल्यापासून तिचा एकही फ्रॉक बाहेर शिवला नाही. घरपण असं फुकटात मिळालं मला. त्यामुळे तुझ्यावर चिडायचा हक्क माझा आहे, आणि मी चिडलेय.

बाबा गेले ते सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी, खुर्चीत, चहाची बशी हातात. तेव्हा अंबरनाथच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना आत बोलावून सांगितलं होतं की बाबांच्या हृदयाची भिंत वर्षानुवर्षं जाड होत आलेली होती. हे रक्तातून येतं. तुम्ही दोघं टू-डी इको करून घ्या, साधी सोनोग्राफीसारखी तपासणी आहे, दुखत नाही. तू मान डोलावलीस. मीही डोलावली. बाहेर आल्यावर तू स्कूटरला किक मारलीस आणि आपण दोघं लिंबू सरबत प्यायला गेलो.

मग आली खंडेनवमी. दर वर्षी मी माझ्या मशीनची पूजा उरकून तुझ्या वर्कशॉपवर यायचे. शेठनी पाने, सोल्डरिंग आयर्न, टेस्टर, सगळं पाटावर मांडलेलं. स्लॉट मशीनांच्या दांड्यांना झेंडूच्या माळा, काचेवर कुंकवाची बोटं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा आपला नियम, आणि सिंधी असूनही शेठ तो आपल्याहून कडक पाळायचे. एक मशीन अर्धवट उघडं होतं, तुझे हात नुसते शिवशिवत होते. काम नाही म्हणून बोलायला वेळ होता. मी पेढ्याचा तुकडा तुझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "दादा, इको कधी करायचा?"

तू झेंडूचं फूल चुरगळत म्हणालास, "कशाला? बाबा आपल्या वाट्याचं खेळून गेले की."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या घरची मोठी चिठ्ठी निघाली, मने. डब्यातून गेली. आता आपल्याला काय नाय."

मी म्हटलं, "असं डॉक्टर नाही म्हणाले." तू म्हणालास, "डॉक्टर काय, त्याला मशीन विकायचं असतं." मी म्हटलं, "मशीन त्याचं नाही, लॅबचं आहे." तू म्हणालास, "पेढा खा." असलं भांडण. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास, मी तुला "आडमुठ्या" म्हटलं, आणि तिथंच ते राहिलं. कारण तुझं म्हणणं किती गोड होतं! मलाही तेच हवं होतं. आपल्या बाबांनी, ज्यांनी आयुष्यभर आपल्यासाठी ओव्हरटाइम केला, जाता जाता हेही आपल्यासाठी करून टाकलं असेल, यापेक्षा चांगलं काय असणार?

घरी जाताना रिक्षात मला एवढंच खटकलं की तू डबा म्हणालास. तू, ज्याला तिन्ही मशीनं उघडून माहीत होती. गोपशेठना हसणारा तू. एखाद्या परक्या माणसानं येऊन असं काही सांगितलं असतं तर तू नाकातून हसला असतास ना?

पुढे महाशिवरात्रीला आपण शिवमंदिरात गेलो, तेव्हा रांगेत तू मध्येच कठड्यावर बसलास, हात छातीवर. "अ‍ॅसिडिटी," म्हणालास. सायलीनं तुला पाणी दिलं. मी तुझ्या कपाळावरचा घाम बघितला आणि मला सगळं कळलं, दादा, आणि मी म्हटलं, "साबुदाणा जास्त झाला असेल." भीतीची आपण दोघांनी मिळून साबुदाण्याची खिचडी करून टाकली.

शेवटी तू वर्कशॉपमध्येच गेलास. दुपारी, मशीनचं मागचं झाकण लावताना. शेठ सांगत होते की तू नुसता खाली बसलास, स्क्रू हातातच होता. तो धिप्पाड माणूस माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला. "बेटा, मैं बोला, उठ, चाय आ गई," एवढंच तो परत परत म्हणत होता. त्याच्याजवळ थांबावंसं वाटत होतं, पण मला धाप लागली होती, आणि ती रडण्याची आहे की दुसरी कसली, ते कळत नव्हतं. मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि एका कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं झाल्यावर वहिनींना आणि मला बसवून सांगितलं, तीच भिंत, तोच आजार. सायलीची आणि माझी तपासणी लगेच करा. वेळीच कळलं तर गोळ्या आहेत, जपून राहता येतं, गरज पडली तर छातीत बसवायचं यंत्र आहे, माणसं म्हातारी होतात. मी त्यांना विचारलं, हसू नकोस, मी तुझ्या भाषेत विचारलं. म्हटलं, "बाई, घरात दोघांना झालं म्हणजे आता तिसऱ्याला होण्याची शक्यता कमी की जास्त?" त्या म्हणाल्या, "कमी पण नाही, जास्त पण नाही. आई किंवा वडील, ज्यांना आजार असेल त्यांच्याकडून प्रत्येक मुलाला येतो किंवा येत नाही, निम्मे निम्मे. प्रत्येक मुलासाठी नाणं नव्यानं उडतं."

म्हणजे चिपवालं, दादा. आपलं घर चिपवालं होतं. कुठलाही डबा नव्हता. बाबा आपल्या वाट्याचं काही खेळून गेले नव्हते. ते फक्त गेले होते.

तेव्हापासून माझे दिवस कसे गेले ते तुला सांगते. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घ्यायला टेप लावली की बोटाखाली तिचा ठोका लागतो, आणि मी माप विसरून तो मोजत बसते. इमारतीचे जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून मी किल्ली शोधल्याचं नाटक करते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तू सांगितलेलं ते चाकांचं. आपल्या दोघांसाठी बटण आईच्या पोटात असतानाच दाबलं गेलं होतं. नंतरची सगळी वर्षं, शाळा, लग्न, माझं परत येणं, तुझी स्कूटर, हेंद्रेपाड्याची खोली, ही सगळी नुसती फिरणारी चाकं. आत काय ठरलंय ते मला ठाऊक नाही आणि चाकं थांबेपर्यंत बघायची माझी हिंमत नाही.

वहिनी तर ऐकायलाच तयार नव्हत्या. "काय निघालं म्हणजे?" त्या म्हणाल्या. "एकदा कळलं की न कळल्यासारखं करता येत नाही, वन्सं. तिचं कॉलेज आहे, कबड्डी आहे, उद्या लग्न आहे. माझा एक गेला तो बास नाही का?" मी त्यांच्यावर ओरडले. नको तसं ओरडले. म्हटलं, "दादा असंच म्हणाला होता, आणि बघा कुठं आहे तो!" त्या तोंडावर पदर घेऊन आत गेल्या. नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "आधी तुम्ही करा. मग तिला नेऊ." मी "दोघी एकाच दिवशी" म्हटलं, आणि सायलीनंच बॅग उचलली. तिनं कबड्डीच्या सरांना आधीच फोन करून सांगितलं होतं की काही दिवस येणार नाही. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं म्हणे, तपासणीपर्यंत पळू नको. पोरगी एकटीच सगळं ऐकून बसली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आज सकाळी गेलो. आधी मी आत गेले. खोलीत गार हवा, छातीवर गार जेली, आणि काळ्या पडद्यावर माझं हृदय. दादा, मी ते पहिल्यांदा बघितलं. एखादा मासा तोंड उघडझाप करत असावा तसं दिसतं. त्याचा आवाजही येतो. डॉक्टरांनी एक जागा बघितली. मग त्यांनी पुन्हा एकदा तीच जागा बघितली, आणि मला कळलं. "भिंत जाड आहे," ते म्हणाले. "फार नाही, पण आहे. घाबरू नका. आता सापडलंय, ही चांगली गोष्ट आहे."

आता खरं ऐक. हे तुलाच सांगता येईल. ते वाक्य ऐकल्यावर मला आधी भीती वाटलीच नाही. मला आनंद झाला. जेली पुसता पुसता माझ्या मनात एकच गोष्ट आली, की माझ्यावर निघालं, म्हणजे सायली सुटली. इतका स्वच्छ आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तो टिकला तो साडीचा पदर खांद्यावर घेईपर्यंत. मग डोकं ताळ्यावर आलं आणि तुझं बोलणं मला उलगडलं. तू अडाणी नव्हतास, दादा. तुला मशीन कळत होतं. पण माझ्याकडे बघून तुला डबा हवासा वाटला. एकाचं निघालं की बाकीचे सुटतील असा डबा. माया असली की माणूस शहाणपण बाजूला ठेवून भिशी मांडून बसतो. मी तुझ्यावर रागावले होते, तो राग तिथंच त्या गार खोलीत गळून पडला. भीती तेवढी राहिली.

बाहेर आले. सायली बाकावर बसली होती, गुडघे हलवत. उठून उभी राहिली. खोटं बोलायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"मला आहे," मी म्हटलं. "गोळ्या घ्यायच्या आहेत. मरत नाही मी लगेच."

मग तिचा चेहरा सैल झाला. तुझाच चेहरा, दादा, तेच रुंद कपाळ. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "आजोबा, बाबा आणि आता तू. म्हणजे आता माझं नसणार ना, आत्या?"

आतून तिचं नाव पुकारलं. ती हलली नाही, उत्तरासाठी थांबली होती. हो म्हणायला माझा जीव तुटत होता. एक हो म्हणून टाकलं असतं तर ती हसत आत गेली असती. आणि दाराच्या त्या बाजूनं उद्या काहीही निघालं असतं तरी पुढं ती आपल्या पोरांना तेच सांगत बसली असती, जे तू मला पेढा खा म्हणत सांगितलंस.

"नाही गं," मी म्हटलं. "माझ्यामुळे तुझं कमी होत नाही. चल, मी दारापर्यंत येते."